आधी अर्थिंग, मग ग्राफिक्स कार्ड

सकाळी ६:४५

माघ सुरू आहे. काळ नदीकडून येणारं धुकं अजून रस्त्यावर आहे. महाड एमआयडीसीतल्या रात्रपाळीच्या बसेस परतायला लागल्यात. माझं दुकान नऊला उघडतं, पण रात्री काही तपासणीला लावलं असेल तर मी पावणेसातलाच शटर अर्धं वर करून आत येतो.

काल रॅमच्या दोन स्टिकवर मेमटेस्ट लावून गेलो होतो. आठ-आठ जीबीची डीडीआर४ जोडी, ३२०० ची. एका गिऱ्हाइकाने मोठी रॅम घेतली तेव्हा त्याने ती माझ्याकडे दिली. स्क्रीनवर चार फेऱ्या पूर्ण, चुका शून्य. जोडी पिशवीत घातली, वर तारीख लिहिली आणि कपाटाच्या वरच्या खणात ठेवली. खालच्या दोन खणांत मी माल ठेवत नाही. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर महाडच्या बाजारपेठेतून आलेले कॅबिनेट मी उघडलेत. स्क्रू फिरवला की आतून गाळाचं पाणी यायचं. तेव्हापासून हा नियम.

वर्षभरापूर्वी या वापरलेल्या जोडीची मी एवढी निगा राखली नसती. २०२५ च्या दिवाळीआधी सोळा जीबीची नवी जोडी तीन-साडेतीन हजारांत मिळत होती. आता त्याच्या दुपटीहून जास्त पडते. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या जगातली बहुतेक मेमरी बनवतात. एआयच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या मेमरीत त्यांना जास्त पैसा दिसतो, म्हणून कारखाने तिकडे वळले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने ‘क्रुशल’ या नावाने आपल्यासारख्या किरकोळ गिऱ्हाइकांना रॅम आणि एसएसडी विकणं बंद करायचं जाहीर केलं. कुठे अमेरिकेतली डेटा सेंटरं आणि कुठे बिरवाडीतला कंत्राटी कामगार, पण त्याच्या साठवलेल्या पैशातून दोन हप्ते त्यांनी असे उचलले.

सकाळी ९:००

बायको झेरॉक्सच्या मशीनवर बसली. सातबाऱ्याचे उतारे, शाळेचे दाखले, परीक्षांचे अर्ज. दुकानाचं भाडं यावर निघतं. कॉम्प्युटर जोडायचं काम महिन्यात चार-पाच वेळा येतं, पण मी दुकान टाकलं ते त्या कामासाठीच.

सकाळी ९:४०

रात्रपाळी करून एक मुलगा आला. बाविशीचा असेल. डोळे लाल, अंगावर कंपनीचा शर्ट, हातात मोबाइल.

“दादा, गेमिंग पीसी बनवायचाय. पहिलाच. पन्नास हजार जमवलेत, मॉनिटर धरून.”

दोन वर्षांचे जमवलेले पैसे. त्यातला काही भाग भिशीचा. असं कुणी सांगितलं की मी बाकीची कामं बाजूला ठेवतो. दीड लाख घेऊन येणाऱ्याचं पाच-सहा हजार चुकलं तरी त्याचं अडत नाही. याचं अडेल.

त्याने मोबाइलवर एक जाहिरात दाखवली. ‘आय सेव्हन गेमिंग पीसी, १६ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड, आरजीबी पंखे, सत्तावीस हजार.’ काचेच्या कॅबिनेटमध्ये इंद्रधनुष्य फिरतंय. आय सेव्हनपुढचा आकडा फोटोत बारीक अक्षरांत होता. मोठा करून पाहिला. ३७७०. हा प्रोसेसर २०१२ चा. परदेशातल्या ऑफिसांतून काढलेला, त्याखाली कुठलातरी नवा बिननावाचा बोर्ड, आणि रॅम डीडीआर३. जाहिरातीत खोटं एकही अक्षर नाही, आय सेव्हनच आहे तो. पण मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपवला, आणि विंडोज ११ साठी अधिकृतपणे आठव्या पिढीपासूनचे इंटेल प्रोसेसर लागतात. हा तिसऱ्या पिढीचा.

“कुठला गेम खेळणार?”

“व्हॅलोरंट. आणि जीटीए फाइव्ह. आतापर्यंत मोबाइलवर बीजीएमआय खेळलोय.”

म्हणजे विंडोज ११ घातलं असतं तर जाहिरातीतलं यंत्र त्याच्या पहिल्याच गेमला अडलं असतं. विंडोज ११ वर व्हॅलोरंट टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट मागतो. असल्या बोर्डावर ते मिळत नाही. घरी नेऊन, सगळं जोडून, गेम उतरवून झाल्यावर त्याला हे कळलं असतं.

पहिला पीसी घेणारा जवळजवळ प्रत्येक जण प्रोसेसरच्या नावापासून सुरुवात करतो. मी गेमच्या नावापासून करतो. गेम कळला की कोणतं ग्राफिक्स लागेल ते कळतं, त्यावरून प्रोसेसर, मग बोर्ड. या मुलाचे दोन्ही गेम हलके. व्हॅलोरंट २०२० चा आणि साध्या मशीनवर चालावा म्हणूनच बनवलेला. जीटीए फाइव्ह पीसीवर २०१५ मध्ये आला. मी त्याला पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेल्या ‘राजी’बद्दलही सांगितलं. आपल्याकडच्या हवेल्या, देव-दानव, आणि गेम पुण्यात तयार झालेला, हे त्याला माहीत नव्हतं. त्याने नाव लिहून घेतलं.

“घरात कुठे ठेवणार?” हा माझा दुसरा प्रश्न. तो म्हणाला, पडवीतल्या खोलीत, टेबल आहे. सॉकेट तीन पिनचं आहे का? असेल बहुतेक, म्हणाला. ‘बहुतेक’वर मी यादी करत नाही. झोप काढ, संध्याकाळी साडेपाचला घरी येतो, म्हणालो.

सकाळी ११:१५

मुंबईला फोन. ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे पाटीवरच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, मी उमेदीची सहा वर्षं काढली. आधी गोदामातून माल आणायचा पोऱ्या, मग जोडणी करणारा. इथून मुंबई पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. पूर्वी महिन्यातून एकदा रात्रीच्या गाडीने जायचो. आता बराचसा माल कुरिअरने महाडला येतो.

व्यापाऱ्याने भाव सांगितले आणि पुढे म्हणाला, “संध्याकाळपर्यंतच हं, रॅम आणि एसएसडीचं उद्याचं मी काही बोलत नाही.” तीस वर्षं गल्ल्यावर बसलेल्या माणसाच्या तोंडून मी हे पूर्वी एकदाच ऐकलं होतं, २०२१ मध्ये, लोक इथेरियम हे आभासी चलन खणायला ग्राफिक्स कार्डं पोत्याने उचलत होते तेव्हा.

कागदावर आधी मुलाला हवं ते मांडलं. रायझन ५ ५६०० साडेनऊ हजार, आरएक्स ६६०० कार्ड साडेएकवीस हजार, बाकीचं सगळं धरून बेरीज सहासष्ट हजार दोनशे. सोळा हजार जास्त. हे सोळा हजार कुठून कापायचे? सवयीने लोक यंत्राला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसमधून आणि यूपीएसमधून कापतात, कारण ते दिसत नाहीत. कॅबिनेटबरोबर हजारात येणाऱ्या एसएमपीएसवर ४५० वॅट छापलेलं असतं. बाजूचा तक्ता वाचा. १२ व्होल्टच्या रांगेत १८ अँपिअर लिहिलेलं असलं, तर बाराने गुणून २१६ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही त्या १२ व्होल्टवरच जगतात. एकटं आरएक्स ६६०० हेच १३२ वॅटचं. असा एसएमपीएस जळतो तेव्हा कधीकधी बोर्डालाही घेऊन जातो. तिथून मी एक रुपया कापणार नाही.

दुपारी १:३०

घरी जेवण. तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं. शेजारच्या पोरांनी रात्री मडक्यात पोपटी लावायचं ठरवलंय, त्यासाठी भांबुर्डीचा पाला आणायला निघाली होती.

दुपारी २:३०

पोलादपूरहून एक जण ग्राफिक्स कार्ड विकायला आला. आरएक्स ५८०, आठ जीबी, सहा हजार म्हणाला. माझ्या मनात लगेच सकाळचा मुलगा. सोळा हजारांचं कोडं इथेच सुटतंय की काय?

कार्ड टेस्ट बेंचवर लावलं. पंखे फिरले, चित्र आलं. जीपीयू-झेड उघडलं आणि शेडर्सचा, म्हणजे चित्राची गणितं करणाऱ्या घटकांचा, आकडा पाहिला: २०४८. खऱ्या ५८० मध्ये २३०४ असतात. चीनच्या बाजारासाठी याच नावाचं कमी ताकदीचं रूप निघालं होतं, ते आपल्याकडे वापरलेल्या मालात भरपूर आलंय. विकणाऱ्यालाही हे माहीत नव्हतं, त्याला कुणीतरी असंच विकलं होतं. पुढे पंधरा मिनिटं पूर्ण भार दिला. नऊ मिनिटांनी स्क्रीनवर चौकटी चौकटी दिसायला लागल्या. मेमरी चिप थकलेली. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमची पद्धत बदलली, कार्डाने खणणं संपलं, आणि वर्षानुवर्षं चोवीस तास तापलेली अशी कार्डं बाजारात आली. सगळीच वाईट नसतात. पण भार देऊन न पाहता घेऊ नयेत, आणि विकणारा भार द्यायला तयार नसेल तर तिथून उठावं.

मी ते घेतलं नाही. त्याचा चेहरा उतरला. उष्णतेची पेस्ट बदलून दिली, पैसे घेतले नाहीत.

संध्याकाळी ५:३०

मल्टिमीटर, होल्डरला लावलेला शंभरचा बल्ब आणि टेस्टर घेऊन मुलाच्या घरी. जांभ्याच्या भिंती, वर कौलं, अंगणातल्या आंब्याला मोहोर. घर नदीपासून उंचावर आहे, हे आधी पाहिलं.

फेज आणि न्यूट्रलमध्ये २२८ व्होल्ट. उत्तम. फेज आणि अर्थमध्ये साठच्या आसपास, तेही हलणारं. बल्बची एक वायर फेजला, दुसरी अर्थला लावली. बल्ब पेटलाच नाही. बोर्ड उघडला. सॉकेट तीन पिनचं होतं, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नव्हती.

हे आपल्याकडे इतकं सर्रास आहे की मला ते लिहिताना राग येतो. पीसीच्या एसएमपीएसमध्ये वीज शिरते तिथे गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात, आणि ते पत्र्याच्या कॅबिनेटला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर तिथून झिरपणारी वीज जमिनीत जाते. नसेल तर कॅबिनेटवर निम्मा, म्हणजे शंभर-सव्वाशे व्होल्टचा दाब उभा राहतो. प्रवाह अगदी थोडा, म्हणून माणूस मरत नाही, नुसतं झिणझिणतं. “पीसीला थोडा करंट येतो, चालतं,” असं सांगणारी पंचवीस तरी घरं मला माहीत आहेत. चालत नाही. तो करंट यूएसबीत, मॉनिटरच्या वायरीत, हेडफोनमध्ये फिरतो. आणि एखाद्या दिवशी एसएमपीएसच्या आतली वायर सुटून पत्र्याला लागली, तर झिणझिण्यांवर भागत नाही. फ्यूज उडायला जमिनीची वाट लागते. ती नसेल तर वाट माणसातून जाते.

त्यात इथला पाऊस. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. भिंती ओल्या, स्विचबोर्ड ओले. जूनच्या तोंडावरच्या विजा वेगळ्याच.

ओळखीच्या वायरमनला तिथूनच फोन लावला. मोरीचं पाणी जिथे मुरतं त्या मागच्या अंगाला खड्डा, त्यात पाइप, कोळसा आणि मीठ, आणि तिथून या सॉकेटपर्यंत जाड वायर. आमच्या जांभ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात ओल टिकत नाही, म्हणून मोरीची जागा. सामानासकट अठराशे रुपये सांगितले. खड्डा मी खणतो, मुलगा म्हणाला.

“दादा, पण मग ते पैसे पीसीतून जाणार.”

“पीसीचाच पार्ट आहे तो. यादीत पहिला.”

संध्याकाळी ७:१०

चहा झाला तोवर वडील आले. मी मीटर सॉकेटला लावूनच ठेवला होता. सगळ्या घरांत दिवे, पंप, टीव्ही सुरू झाले होते. आकडा १९६.

वडिलांना पीसीबद्दल काही विचारायचं नव्हतं. मीटरकडे बघत म्हणाले, “भाऊ, एकच सांगा. ते पैशे लावायचे गेम यावर चालतात का? माझ्या मेव्हण्याच्या पोरानं त्या रमीत बायकोचं मंगळसूत्र घालवलं.”

त्यांची भीती खरी होती, म्हणून सावकाश सांगितलं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम त्यात बंद झाले. ई-स्पोर्ट्स आणि नुसते करमणुकीचे गेम त्यातून वेगळे ठेवलेत. तुमचा मुलगा खेळणार ते गेम दुसऱ्या प्रकारचे. त्यातही बंदुकीला रंग, कपडे असलं विकत मिळतं, तेवढं लक्ष ठेवा, कार्ड किंवा यूपीआय त्यात कायमचं जोडून ठेवू देऊ नका. मुलाने मान हलवली. मग वडिलांनी विचारलं, धाकटीचा सीईटीचा अर्ज यावर भरता येईल का. येईल, म्हणालो. त्यांनी पुढे काही विचारलं नाही, पण मी निघताना चपला घालून रस्त्यापर्यंत सोडायला आले.

रात्री ८:३०

मुलगा दुकानात, पाळीला जायच्या आधी. यादी समोर ठेवली.

माझा निर्णय असा: ग्राफिक्स कार्ड आत्ता नाही. प्रोसेसर रायझन ५ ५६००जी, ज्याच्या पोटातच ग्राफिक्स आहे. बारा हजार. नाराज झाला. दोन वर्षं पैसे साठवताना त्याने स्वप्नात कार्डच पाहिलं असणार. मी बेंचवरच्या माझ्या ५६००जीवर व्हॅलोरंट लावून दिला, सेटिंग खाली, फुल एचडी. शंभराच्या वर फ्रेम. मग संगणक बंद केला, रॅमची एक स्टिक काढली, पुन्हा लावला. तोच गेम, तेच यंत्र, आणि आकडा डोळ्यांदेखत घसरला. पोटातल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमच वापरतं. दोन स्टिक असल्या की रॅमकडे दोन वाटा. सोळाची एकच स्टिक स्वस्त पडते म्हणून घेणारे इथे फसतात. सकाळची तपासलेली जोडी त्याला दाखवली, पिशवीवरची तारीख दाखवली. सहा हजार. रॅम क्वचितच झिजते, वापरलेली घ्यायला मी घाबरत नाही, फक्त रात्रभर तपासलेली हवी.

५६००जीचं उणंही सांगितलं. याची कॅशे ५६०० च्या निम्मी आहे, आणि तो कार्डाशी पीसीआयई ३.० नेच बोलतो. पुढे कार्ड लावल्यावर थोड्या फ्रेम कमी मिळतील. पण कार्ड येईपर्यंतचे महिने यंत्र रिकामं पडणार नाही.

बोर्ड बी४५०, साडेसहा हजार. खोक्यावर ‘रायझन ५००० रेडी’ लिहिलेलाच घ्यायचा, नाहीतर जुन्या बायोसमुळे स्क्रीन काळीच राहते. ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी साडेचार हजार. ५५० वॅटचा, ८० प्लस ब्रॉन्झवाला एसएमपीएस बेचाळीसशे. आत्ताच्या यंत्राला एवढा लागत नाही, पण त्यातून निघणारी आठ पिनची वायर उद्याच्या कार्डासाठी आहे. संध्याकाळच्या १९६ व्होल्टवरही तो तक्रार करणार नाही. २४ इंची मॉनिटर, १०० हर्ट्झ, साडेसात हजार. यूपीएस ६०० व्हीए, म्हणजे ३६० वॅट, अठ्ठावीसशे. वीज गेल्यावर खेळत बसायला हा नाही, सेव्ह करून बंद करायला आहे. कीबोर्ड-माऊस बाराशे.

कॅबिनेटवर थोडं अडलं. त्याला काचेचं, पुढे बंद असलेलं हवं होतं. मी पुढून जाळीचं, अडीच हजारांचं सुचवलं. हवा खेळते. आणि मागच्या न वापरलेल्या पट्ट्यांची भोकं बंद करून देणार, कारण आमच्याकडे पाली उबेला आत शिरतात. एसएमपीएसमध्ये अडकून मेलेली पाल मी एकदाच काढलेली नाही. शेवटी त्याने जाळीचं घेतलं, पण पुढे एक दिव्याचा पंखा बसवून द्या म्हणाला. देईन. पंखा माझ्याकडून. पहिल्या पीसीत थोडा उजेड असावा.

बेरीज सत्तेचाळीस हजार दोनशे. अर्थिंगचे अठराशे. एकूण एकोणपन्नास हजार. विंडोजचा परवाना यात नाही, हेही स्पष्ट सांगितलं. चोरीची मी घालत नाही. परवान्याचे पैसे उन्हाळ्यात, कार्डाचे दिवाळीच्या बोनसमधून, असं त्याने वहीच्या मागच्या पानावर लिहिलं.

रात्री १०:१५

मुंबईला यादी पाठवली. रॅम माझ्याकडचीच, म्हणून उद्याच्या भावाची धास्ती निम्मी झाली. मुलगा पाळीच्या बसला गेला. रविवारी सकाळी खड्डा, सोमवारी वायरमन, पार्सल आलं की बुधवारी जोडणी.

तुमच्या घरातला पहिला पीसी ठरत असेल तर दुकानात येताना गेमची नावं घेऊन या, आणि वायरमनला बोलावून ज्या सॉकेटला तो लागणार आहे त्याची अर्थिंग आधी बल्ब लावून तपासून घ्या.